रेवाकडे ११ मिनिटं आहेत

ताई, सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी नववीत आहे, १४ पूर्ण. आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. शाळा इंग्रजी माध्यमाची. वाचनाचं वेड लहानपणापासूनचं, आम्हाला त्याचं कौतुकच होतं. पण गेलं वर्षभर ती एकाच तऱ्हेची पुस्तकं वाचतेय. कुठे पळवून नेलेली मुलगी, कुठे बंद घरात अडकलेली पाच मुलं, कुठे वर्गातल्याच मैत्रिणीचा खून. सगळ्यांची वयं चौदा ते सतरा. मुली आपसात पुस्तकं फिरवतात, त्यामुळे साठा संपतच नाही.

मागच्या आठवड्यात मी तिची भूगोलाची वही उघडली. मागच्या पानांवर आमच्या सोसायटीचा नकाशा होता, पट्टीनं आखलेला. दोन्ही गेट, पंपरूम, गच्चीचा दरवाजा. 'एक किल्ली चेअरमनकडे, दुसरी पंपवाल्याकडे.' मागची भिंत जिथे पडलीय तिथे बाण. आणि बाजूला लिहिलेलं : 'वॉचमन ३.४० ला चहाला जातो. ३.५१ ला परत. डी विंगचा कॅमेरा बंद. रेवाकडे ११ मिनिटं आहेत.' माझे हातपाय गार पडले. आमच्याकडे ए, बी, सी अशा तीनच विंग आहेत. मग ही बिल्डिंग कुठली? आणि रेवा कोण? तिची अशी कोणी मैत्रीण नाही.

विचारलं तर आधी गप्प, मग "माझी वही का वाचलीस?" म्हणून रडारड. मी तिची सगळी पुस्तकं, नऊ होती, कपाटात ठेवून कुलूप लावलं. आठ दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. सासूबाई म्हणतात, असलं रक्ताचं वाचून पोरीचं डोकं फिरलं. नवरा म्हणतो, मोबाईलपेक्षा बरं, वाचू दे. ती पळून जायचा बेत करत असेल का? पुस्तकं बंदच करावीत का? आणि असलंच वाचायचं तर मराठीत काही बरं नाही का?

– एक आई, मानपाडा, ठाणे (पश्चिम)

*

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासारखीच दचकले. दुसऱ्यांदा वाचताना शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेली बाई माझ्यात जागी झाली आणि मी पेन्सिल घेऊन बसले.

आधी भीतीचं बोलू. ती उतरल्याशिवाय बाकीचं तुमच्या कानात शिरायचं नाही.

तुमच्याकडे डी विंग नाही आणि रेवा नावाची मैत्रीण नाही, हे तुम्हीच लिहिलंयत. अहो, जिला खरंच पळून जायचंय ती नसलेल्या विंगचा कॅमेरा कशाला बंद करेल? पळून जाणारी पोर पैसे बघते, गाड्यांच्या वेळा बघते, जिच्याकडे जायचं तिचा पत्ता बघते. तुमच्या लेकीनं काय बघितलंय, तर वॉचमन चहाला किती वाजता जातो आणि किती वेळानं परततो. हे एका दिवसात कळत नाही. चार-पाच दुपारी गॅलरीत घड्याळ घेऊन उभं राहावं लागतं. एवढं केल्यावर तिनं खऱ्या सोसायटीला एक खोटी विंग जोडली, तिथे एक खोटी मुलगी अडकवली आणि तिला मोजून ११ मिनिटं दिली. माझ्या अंदाजानं तुमची लेक भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर कादंबरी लिहितेय. आणि म्हणूनच ती रडली. अर्धवट विणलेला स्वेटर कोणी सुयांसकट उचलावा आणि सगळ्या घरासमोर धरून "याला बाह्याच नाहीत!" म्हणावं, तसं झालं तिचं.

अजून एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. पोर वाचते इंग्रजीत, पण रेवा मराठीत पळतेय. इंग्रजी माध्यमातल्या मुलीनं 'किल्ली पंपवाल्याकडे' असं लिहावं! मी तर खूश झाले. त्याबद्दल पुढे बोलते.

अर्थात अंदाज तो अंदाज. वही बाजूला ठेवा आणि काही दिवस नुसतं मुलीकडे बघा. जेवण तुटलंय का, रात्री जागी असते का, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं का, एका ठरावीक माणसाचा विषय निघाला की उठून आत जाते का, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालून बसते का. घरातले पैसे, तिचं आधार कार्ड जागेवर आहे का. मोबाईलवर असा कोणी 'मित्र' आहे का जो ना शाळेतला, ना क्लासमधला, ना सोसायटीतला. यातलं काही आढळलं तर माझं हे पत्र बाजूला टाका आणि मदत घ्या. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, पालकही फोन करू शकतात. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, तोही फुकट. आणि लैंगिक त्रासाची शंका असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. तिथे 'आपलाच माणूस आहे, घरातच मिटवू' असलं काही चालत नाही. कळल्यावर गप्प बसणाऱ्यालाही शिक्षा आहे.

पण नुसता नकाशा आणि नुसती नऊ पुस्तकं असतील, तर घोट घोट पाणी प्या आणि पुढचं वाचा.

त्या नऊपैकी एकही तुम्ही वाचलेलं नाही, हे पत्रावरून कळतं. तुम्ही सांगितलेल्या गोष्टी मागच्या कव्हरवरच्या आहेत. ती कव्हरं लिहिणाऱ्याचं कामच आईला घाबरवणं आणि मुलीला खेचणं हे असतं. मी यातल्या ढीगभर वाचल्यात. ग्रंथालयात घ्यायच्या की नाही हे ठरवायला कोणीतरी वाचणं भाग होतं, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता माझीही रात्र उलटायची. त्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या लेखकांचं पहिलं काम खुनी शोधण्याचं नसतंच. पहिलं काम असतं आईबाबांना गोष्टीतून घालवण्याचं.

बघा ना. विल्यम गोल्डिंग हा इंग्लंडमधला शाळामास्तर. १९५४ साली त्यानं निर्जन बेटावर अडकलेल्या मुलांची कादंबरी लिहिली, तेव्हा विमान असं पाडलं की एकही मोठं माणूस जिवंत राहू नये. १९६७ मध्ये एस. ई. हिंटन या अमेरिकन मुलीची टोळीयुद्धात सापडलेल्या पोरांची कादंबरी आली. त्यातला चौदा वर्षांचा नायक थोरल्या भावाकडे वाढतोय, कारण आईवडील अपघातात गेलेले. २००८ साली सुझान कॉलिन्सच्या कादंबरीत १२ ते १८ वयाची २४ मुलं एकमेकांना मारायला रिंगणात सोडली जातात. टीव्हीवर चॅनेल बदलताना एकीकडे स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसली, त्यातून ती सुचल्याचं तिनं सांगितलंय. तिच्या नायिकेचे वडील खाणीच्या स्फोटात गेलेत आणि आई त्या दुःखानं मिटून बसलीय. बाकीच्या हजारभर पुस्तकांत वडील टूरवर असतात, आईची रात्रपाळी असते, पोलीस फितूर असतात आणि अगदीच काही नाही जमलं तर फोनची बॅटरी संपते.

हे असं करावंच लागतं. यातली कुठलीही घ्या, तिसाव्या पानावर थांबा आणि विचारा, आत्ता या मुलीनं घरी जाऊन आईला सगळं सांगितलं तर? पुस्तक तिथेच संपतं. लोइस डंकन या अमेरिकन लेखिकेची १९७३ ची कादंबरी तर याच एका खिळ्यावर टांगलेली आहे. चार मुलं गाडीतून येताना सायकलवरच्या एका लहान मुलाला उडवतात, तो मरतो, आणि चौघं शपथ घेतात की कोणालाही सांगायचं नाही. पुढे वर्षभरानं जे काही घडतं ते सगळं त्या न सांगण्यातून. (या बाईंच्या आयुष्यात फार वाईट घडलं. १९८९ मध्ये त्यांच्या अठरा वर्षांच्या मुलीचा खरोखरच खून झाला. त्यानंतर संकटातल्या मुलींच्या थरारकथा लिहिणं त्यांना जमेना. १९९२ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं ते त्या खुनाचा माग काढणारं.)

आईला घालवणं ही लेखकाची सोय आहे, हे तुमच्या लेकीला व्यवस्थित कळतं. वॉचमनच्या चहाची वेळ टिपणाऱ्या मुलीला तेवढी अक्कल असतेच. मला काळजी वाटते ती तुमच्या कुलपाची. का, ते सांगते.

१९७० च्या आसपासची गोष्ट. आम्ही नौपाड्यात चाळीत राहायचो, मी सातवीत होते. स्टेशनकडे जाताना एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, पत्र्याच्या शेडएवढी. तिथून मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणायचे. झुंजार, काळा पहाड, धनंजय. आमचे अण्णा कचेरीत कारकून. चांगले होते हो, पण अर्नाळकर म्हणजे वाया गेलेल्यांचं वाचन, असं त्यांचं पक्कं मत. एके सकाळी गादीखालचं पुस्तक त्यांना सापडलं. अंघोळीचा बंब पेटलेला होता. त्यांनी काही न बोलता ते त्यात घातलं, लाकडाच्या ढलप्या सारायच्या तसं, पुठ्ठ्याकडून. लायब्ररीवाल्याला दोन रुपये भरावे लागले, ते माझ्या भाऊबिजेतले.

मी वाचणं सोडलं का? छे. घरी आणणं सोडलं. शिवणाच्या क्लासला जाते म्हणून निघायचे आणि लायब्ररीच्या कोपऱ्यात पाऊण तास उभ्यानं वाचायचे.

मग एक दिवस एक माणूस माझ्या मागे येऊ लागला. लायब्ररीपासून तलावपाळीपर्यंत. कुठल्याशा रहस्यकथेत वाचलं होतं की पाळतीची शंका आली तर मागे वळायचं नाही, दुकानाच्या काचेत बघायचं. मी बघितलं. खाकी शर्ट, हातात छत्री, पाऊस नसताना. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी त्यानं मला नावानं हाक मारली. म्हणजे पुस्तकांनी मला ओळखायला शिकवलं होतं, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण घरी सांगायचं कसं? सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, शिवणाचा क्लास सोडून तू तलावपाळीला काय करत होतीस? आणि मला तो बंब दिसायचा.

चौथ्या दिवशी कौपिनेश्वराच्या देवळाकडे मी जवळजवळ धावतच होते, तेव्हा तिथे फुलं विकणाऱ्या एका मावशींनी मला हाताला धरून खाली बसवलं. माझ्या मांडीवर शेवंतीची परडी ठेवली आणि त्या माणसाकडे बघून अशी काही शिवी हासडली की अख्खा जांभळी नाका वळून बघायला लागला. तो पुन्हा दिसला नाही. मावशींनी मला काही विचारलं नाही. "रोज हितनं जात जा, माझ्या समोरनं," एवढंच म्हणाल्या. अण्णा गेले, त्यांना यातलं अक्षरही कधी कळलं नाही.

तुमच्या लेकीचं काही लपवण्यासारखं असेलच असं नाही. पण उद्या कधी असलं, तर ते सांगायच्या आधी तिला ते कुलूप दिसेल. आणि बाहेरच्या जगात वाईट हेतूचा माणूस, मग तो ऑनलाइन असो, क्लासच्या जिन्यात असो की नात्यातला असो, पोरीशी जवळीक करताना हळूच जे वाक्य टाकतो ते असतं, "हे आपल्यातच ठेवायचं हं, घरी सांगू नकोस. चिडतील." कादंबरी ज्या वाक्यावर उभी राहते, बरोबर तेच. 'चिडतील' हे त्या पोरीला आधीच माहीत असलं की त्याचं निम्मं काम झालं. म्हणून माझं म्हणणं इतकंच की तिला काय हवं ते वाचू द्या, आणि तुम्ही अशी आई व्हा की लेखकाला तुम्हाला गोष्टीतून घालवल्याशिवाय गत्यंतर राहू नये.

यजमानांचं 'वाचू दे' मला पटतं, पण त्यात जरा अंग काढून घेणं आहे. त्यांनाही एक पुस्तक हातात द्या. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या होईल वाचून.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि हळूच विचारा की चिलया बाळाची गोष्ट त्यांनी नातीला कितव्या वर्षी सांगितली. आईनं पोटच्या पोराला उखळात कांडलं, तेही गाणं म्हणत! आपण तर सगळे त्यावरच वाढलो. प्रल्हादाला कड्यावरून ढकललं, आगीत बसवलं. सोळा वर्षांचा अभिमन्यू, आत शिरायचं ठाऊक, बाहेर पडायचं ठाऊक नाही, आणि त्या दिवशी अर्जुनाला मुद्दाम दूर नेलेलं. बघा, बापाला घालवायची युक्ती व्यासांनाही करावी लागली. १६६६ साली महाराज आग्र्याहून निसटले तेव्हा शंभूराजे नऊ वर्षांचे होते. पहारे, त्यांच्या वेळा, पेटारे, सगळा नकाशाच की तो. आपण पोरांना ती गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो आणि पोरीनं पंपरूमचा नकाशा काढला की घाबरतो.

म्हणजे सगळीच पुस्तकं धुतल्या तांदळासारखी, असं मी म्हणत नाही. रक्त किती सांडलं यावरून मी पुस्तक ठरवत नाही. मेलेल्याचं पुढच्या पानांवर कोणाला काही वाटतं का, हे बघते. चांगल्या कादंबरीत एक मूल मरतं आणि शेवटपर्यंत त्याची जागा रिकामी राहते. वाईटात पाच मरतात ते नुसते पानं उलटायला. ती वाचून पोर बिघडत नाही, फक्त वेळ जातो, तसा तर आपल्या मालिका बघूनही जातो. दोन प्रकारांवर मात्र मी लाल पेन्सिल मारते. एक, जिथे स्वतःला इजा करण्याची रीत पाककृतीसारखी दिलेली असते. आणि दुसरा म्हणजे पळवून नेणाऱ्याच्याच प्रेमात पडलेली नायिका. हा माल हल्ली रिल्सवर भारी चालतो. मोठ्यांसाठी लिहिलेला असतो, पण कव्हर असं गोंडस की दहावीच्या मुलींना आपलंच वाटावं. त्यात कोंडून ठेवणं म्हणजे जीव लावणं, फोन तपासणं म्हणजे काळजी, आणि 'नाही' म्हणजे थोडं थांबून 'हो'. तसलं नऊमध्ये एखादं निघालं तर काढून घेऊ नका. तुम्ही वाचा आणि तिला विचारा, "हा आपल्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आला तर चालेल तुला?" उत्तर ऐकण्यासारखं असेल.

गोल्डिंगचं पुस्तक यादीत असेल, किंवा नसेल तर पुढेमागे येईलच, तेव्हासाठी एक खरी गोष्ट तुम्हाला देऊन ठेवते. त्याच्या बेटावरची मुलं बघता बघता एकमेकांच्या जिवावर उठतात. पण १९६५ साली प्रशांत महासागरातल्या टोंगा देशातली सहा शाळकरी मुलं खरंच अशी अडकली होती. बोर्डिंगला कंटाळून बोट पळवली, वादळात शीड फाटलं, वाहत वाहत अटा नावाच्या निर्जन बेटाला लागली. सव्वा वर्ष तिथे राहिली. पेटवलेला विस्तव एकदाही विझू दिला नाही. कामाच्या पाळ्या लावल्या. एकाचा पाय मोडला, तो बाकीच्यांनी काठ्या बांधून बसवला आणि तो सरळ जुळला. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जाऊन डोकं शांत करून यायचं. १९६६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन बोटवाल्यानं सोडवून आणलं, तर किनाऱ्यावर पाय ठेवताच बोट चोरल्याबद्दल पोलिसांनी आत टाकलं! माझ्या ग्रंथालयातल्या मुलांना हा शेवट फार आवडायचा. जेवताना सांगून बघा. अबोला मोडायला 'सॉरी'पेक्षा चांगली गोष्ट जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव.

मराठीचं विचारलंत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, आणि तोंडानं 'ट्टॉक्'. भागवतांची भाषा आजही धावते. पण खोटं कशाला बोलू, चौदाव्या वर्षी आणि नऊ इंग्रजी थरारकथा पचवल्यावर तिला फाफे जरा लहान वाटेल. पाचवी-सहावीत द्यायला हवा होता. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, पण ती आता शोधावी लागतात, आणि त्यातले नायक मोठे बाप्ये. सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथा तिला एखाद-दोन वर्षांत धरतील. मराठीत बालसाहित्याचं कपाट आहे, त्याच्या शेजारी एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्यांचं. चौदा ते सतराचं मधलं कपाट जवळजवळ रिकामं आहे. तीस वर्षं त्या रिकाम्या कपाटासमोर उभी राहून मी मुलांना सांगत आलेय की "थांब हं, बघते," आणि शेवटी इंग्रजीच काढून दिलंय.

म्हणून तर ती किल्ली पंपवाल्याकडे असल्याचं वाचून मला एवढा आनंद झाला.

हिंटनचं मघाशी अर्धवट सांगितलं. ती कादंबरी तिनं पंधराव्या वर्षी लिहायला घेतली. छापून आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलीनं लिहिलंय म्हटल्यावर पुरुष परीक्षक नाक मुरडतील म्हणून प्रकाशकानं नाव नुसत्या आद्याक्षरांत छापलं. आणि जेव्हा ती हे लिहीत होती त्याच वर्षी शाळेत निबंधलेखनाच्या विषयात तिला 'डी' मिळाला होता, असं तिनंच सांगून ठेवलंय. भूगोलात कमी मार्क पडले तर हे आठवा. पडतीलच, वही दुसऱ्या कामात आहे.

आता कुलूप. आज रात्री काढा. समारंभ नको, 'बस, आपल्याला बोलायचंय' नको. त्या वाक्यानं मुलं दगड होतात. नऊच्या नऊ तिच्या टेबलावर ठेवा, पण त्यातलं एक आपल्याकडे ठेवून घ्या आणि सांगा की हे मी वाचतेय, शेवट सांगू नकोस. वहीबद्दल माफी मागायची. आपल्याकडे आई मुलीची माफी मागत नाही, आवडती भाजी करून ताटात वाढते. भाजी करा, पण तोंडानंही बोला. "तुझी वही मी न विचारता वाचली, ते चुकलं. मी घाबरले होते." एवढंच. 'पण तूसुद्धा' असं पुढे जोडू नका, त्यानं सगळं पाण्यात जातं.

मग ती काही बोलली तर उत्तम. नाही बोलली तर दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि भांडी पुसताना किंवा रिक्षात, म्हणजे नजरेला नजर नसताना, विचारा, "अगं, रेवाला अकरा मिनिटं पुरतात का?"

माझा अंदाज बरोबर असेल तर ती आधी तुमच्याकडे संशयानं बघेल. मग म्हणेल, नाही पुरत, कारण पंपरूमचं दार आतून अडकलंय. मग तुम्ही म्हणा, दार का अडकलं? आणि पुढचा अर्धा तास मध्ये न बोलता ऐका. 'रेवाची आई कुठेय' हे मात्र जरूर विचारा. मलाही कळवा. बहुतेक मारली असेल पहिल्याच प्रकरणात, मनाला लावून घेऊ नका. माझा अंदाज चुकलेला असेल, रेवा कागदावरची नसेल आणि त्या नावामागे तिचं स्वतःचं किंवा एखाद्या मैत्रिणीचं काही दडलेलं असेल, तरी हाच प्रश्न चालेल. तिला दुसऱ्याच्या नावानं बोलायला वाट मिळेल. अशा वेळी मुलं 'माझी एक मैत्रीण आहे ना' म्हणूनच सुरुवात करतात. तेव्हा 'कोण मैत्रीण' असं विचारू नका.

एखाद्या रविवारी तिला मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जा. १८९३ सालचं आहे, म्हणजे अर्नाळकरांच्याही आधीचं. वर्गणी तिच्या नावानं भरा, कार्ड तिच्या हातात द्या आणि तुम्ही बाहेर येऊन चहा प्या. काय घेतलं ते बाहेर आल्यावर तिनं दाखवलं तर बघा.

आणि हो, सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एक विषय नक्की काढा. मागची भिंत पडलीय आणि रोज दुपारी ३.४० ते ३.५१ गेटवर कोणी नसतं. हे कमिटीच्या एकाही माणसाला माहीत नव्हतं, तुमच्या लेकीला होतं. तिचं नाव सांगू नका. नकाशा मात्र तिला विचारून, मागून घेऊन जा.